लीलावतीची गोष्ट आपल्याला फैजीने सांगितली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले तीन-चार रविवार तुमच्या पत्रांच्या पानावर मोगलांवरून जी जुंपलीये ती मी सगळी वाचतोय. एकाने लिहिलं की मोगल राजवटीत हिंदू-मुसलमान संस्कृतीचा मोठा संगम झाला, दुसऱ्याने लिहिलं की कसला संगम, आपलं होतं नव्हतं ते मोडलं, आणि तिसऱ्या एका पत्रात आपलं जुनं गणित किती पुढे होतं हे सांगताना भास्कराचार्यांच्या लीलावतीच्या लग्नाची गोष्ट दिली होती आणि शेवटी म्हटलं होतं की अशा गोष्टी आपल्या परंपरेने परकीय राजवटीतसुद्धा जपून ठेवल्या. ते तिसरं पत्र वाचलं आणि मला राहवेना. पत्र लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, कारण हीच गोष्ट मी स्वतः चाळीसगाव तालुक्यातल्या शाळेत ३१ वर्षं गणित शिकवताना दरवर्षी आठवीच्या वर्गाला सांगितली आहे, अगदी याच अभिमानाने.

गोष्ट सगळ्यांना माहीतच असेल, तरी थोडक्यात सांगतो. भास्कराचार्यांनी मुलीची पत्रिका पाहिली तर तिच्या नशिबी लग्न नाही असं निघालं. मग त्यांनी गणित करून एकच शुभ घटका शोधून काढली, तेवढ्यात लग्न लागलं तर दोष टळेल अशी. मांडव पडला, पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडलं, म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली वाटी, ती भरून बुडाली की घटका भरली. लीलावती नटून बसलेली, तिला राहवलं नाही, वाकून बघायला गेली आणि तिच्या अंगावरच्या दागिन्यातला एक मोती सुटून वाटीत पडला आणि नेमका भोकावर बसला. पाणी आत यायचं थांबलं, सगळे वाट बघत राहिले, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त निघून गेला. तेव्हा बापाने मुलीला सांगितलं की तुझ्या नावाने मी एक पुस्तक लिहीन, ते शेवटपर्यंत टिकेल.

वर्ग एकदम शांत व्हायचा हो. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायची. मग त्या शांततेत मी मोर आणि सापाचं उदाहरण फळ्यावर घ्यायचो, ९ हात उंच खांब, वर मोर, खांबाच्या बुडाशी बीळ, २७ हातांवरून साप बिळाकडे निघालाय, मोराने तिरकी झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली. उत्तर १२ हात. पायथागोरसचा प्रमेय पोरांना कंटाळवाणा वाटायचा पण मोर-साप म्हटलं की वही निघायची.

तर निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एका मुलीने विचारलं, सर, ही गोष्ट पुस्तकात कुठे आहे? म्हणजे भास्कराचार्यांनीच लिहिलीये का? मी म्हटलं हो, असेल की. ती म्हणाली, असेल म्हणजे? आणि मला उत्तर देता येईना. घरी येऊन संस्कृत लीलावती मराठी भाषांतरासकट काढली, दोन रात्री पानं चाळली. गोष्ट नाही. मुळात लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आहे असंही पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही! काही उदाहरणांत 'अये बाले लीलावति' असं आहे, कुठे सखे आहे, आणि भुंग्यांचं ते प्रसिद्ध उदाहरण आहे ना, ज्याचं उत्तर ७२ येतं, त्यात तर 'कान्ते', म्हणजे प्रिये, अशी हाक आहे. बाप लेकीला कान्ते म्हणेल का? ३१ वर्षं मी ते उदाहरण शिकवलं पण हा शब्द डोळ्याआड गेला होता.

मग शोधत गेलो, नेटवर, लायब्ररीत, जुन्या पीडीएफ फायलींत. आणि जे सापडलं ते असं की ही लग्नाची, घटिकापात्राची, मोत्याची गोष्ट पहिल्यांदा लिहिलेली मिळते ती फारसीत. १५८७ साली अकबर बादशाहच्या हुकमाने फैजीने लीलावतीचं फारसी भाषांतर केलं आणि त्याच्या प्रस्तावनेत ही गोष्ट घातली. त्याच्या आधीच्या कुठल्या संस्कृत ग्रंथात ती सापडलेली नाही असं अभ्यासक सांगतात. मूळ ग्रंथ ११५० सालचा आणि गोष्ट त्याच्या ४३७ वर्षांनंतरची, अरबी-फारसी शिकलेल्या एका मुसलमान कवीच्या हातची. पुढे इंग्रजांनी या पुस्तकांत लक्ष घातलं, १८१६ साली जॉन टेलरची इंग्रजी लीलावती आपल्या मुंबईतच छापली गेली, १८२७ साली फैजीची फारसी कलकत्त्याला छापली गेली, आणि फैजीची गोष्ट इंग्रजी पुस्तकांतून फिरत फिरत आपल्या शाळेच्या पुस्तकांत आणि माझ्यासारख्या मास्तरांच्या तोंडी आली.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला वाईट वाटलं. आपली म्हणून जी गोष्ट इतक्या मायेने सांगितली ती परक्याची निघाली असं वाटलं. दोन-चार दिवस गेले आणि मग उलटंच वाटायला लागलं. या माणसाने आपल्या भास्कराचार्यांचं पुस्तक वाचलं (की ऐकलं), त्याला ते इतकं आवडलं की गणिताच्या कोरड्या पुस्तकाला त्याने एक बाप आणि एक लेक जोडून दिली. गोष्ट त्याने मनाने रचली की कुणाकडून ऐकली ते सांगता येत नाही, पण मला आपलं वाटतं की दरबारातल्या एखाद्या जोशाकडूनच त्याने ती ऐकली असावी, कारण घटिकापात्र, लग्नघटका, पत्रिकेतला दोष हे सगळं आपल्या मांडवातलं आहे. आणि भास्कराचार्यांचं गाव फैजी बीदर सांगतो. भास्कराचार्य स्वतः सांगतात की सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड. तर बीदर हे नाव कुणीतरी दक्षिणेतल्या माणसाने अंदाजाने सांगितलं असेल आणि याने लिहून घेतलं असेल, असं माझं मत, पुरावा नाही.

फैजी कोण हे थोडं सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे अबुल फजल माहीत असतो पण त्याचा हा थोरला भाऊ माहीत नसतो. जन्म १५४७ आग्र्याचा, अकबराचा राजकवी, १५९५ ला वारला तेव्हा त्याच्याकडची ४,६०० पुस्तकं बादशाही ग्रंथसंग्रहात जमा झाली. याच माणसाने कुराणावर अरबीत एक टीका लिहिली ज्यात नुक्ता, म्हणजे टिंब, असलेलं एकही अक्षर वापरलेलं नाही. अरबी लिपीत निम्म्याहून जास्त अक्षरांना नुक्ते असतात, म्हणजे ते काय काम असेल विचार करा. आणि याच माणसाने मरणाच्या आदल्या वर्षी नल-दमन नावाचं मोठं फारसी काव्य लिहिलं, नल म्हणजे आपला नळराजा आणि दमन म्हणजे दमयंती, विदर्भाची राजकन्या. एक हात कुराणाच्या टीकेवर, एक हात लीलावतीवर आणि शेवटी दमयंतीवर. आणि हा आपल्या भागात येऊनही गेलाय. १५९१ साली अकबराने त्याला वकील म्हणून खानदेशच्या राजा अली खानाकडे बुऱ्हाणपूरला आणि तिथून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे पाठवलं, दोनेक वर्षं तो इकडे होता. बुऱ्हाणपूरहून नगरला जायचं म्हणजे आमचा खानदेश तुडवतच जावं लागलं असणार. ज्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्या पाटणपासून तो किती मैलांवरून गेला असेल कुणास ठाऊक, आणि त्याला ते माहीतही नसेल.

पाटणचं सांगायलाच पाहिजे. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे, नवरात्रात ही गर्दी असते. तिथला शिलालेख १८६५ च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. शके ११२८, म्हणजे आपल्या हिशेबात १२०७ साल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी, त्याने आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी (बीजगणित त्याचाच एक भाग) वगैरे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे पण शेवटी दानाचा तपशील चक्क मराठीत आहे, 'इयां पाटणीं जें केणें उघटे' असा सुरू होतो, म्हणजे या पाटणात जो माल विकायला उघडला जाईल त्यातला अमुक वाटा मठाला. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराच्या पट्टीवर. मला हे वाक्य फार आवडतं.

आता तुमच्या पानावरच्या भांडणाकडे येतो. संगम झाला की नाही झाला असा प्रश्न विचारला की उत्तर एकाच शब्दात द्यावं लागतं आणि मग भांडणच होतं. मला विचारायचंय ते वेगळं, की ते काम नेमकं केलं कुणी आणि कसं केलं? कारण ते काम होतं हो, रोज बसून करायचं काम. फत्तेपूर सिक्रीत १५८२ साली महाभारताचं भाषांतर सुरू झालं, त्याला रज्मनामा नाव दिलं, युद्धाचं पुस्तक. पद्धत अशी होती की पंडितांनी संस्कृत श्लोक वाचून त्याचा अर्थ हिंदीत सांगायचा, नकीब खान वगैरे मंडळींनी तो ऐकून फारसीत उतरवायचा, मग भाषा घासूनपुसून घ्यायची, मग सुंदर अक्षरात प्रत, मग दसवंत, बसावन यांच्यासारख्या चित्रकारांनी चित्रं काढायची. सुरुवातीच्या काही रात्री तर बादशाह स्वतः बसून नकीब खानाला अर्थ समजावत होता. पंडितांना फारसी येत नव्हती, मुल्लांना संस्कृत येत नव्हती, मधे बोलीभाषा, तिच्यावर दोघांचा भार. म्हणजे महाभारत फारसीत गेलं ते आपण बाजारात बोलतो तसल्या भाषेच्या पुलावरून गेलं.

आणि सगळे खुशीने बसले होते असंही नाही. अब्दुल कादिर बदायुनी हा त्यातलाच एक, कट्टर माणूस, त्याच्या वाट्याला महाभारताच्या १८ पर्वांपैकी दोन आली, नंतर रामायण आलं, त्यात त्याची चार वर्षं गेली, आणि त्याने गुपचूप लिहिलेल्या इतिहासात या कामाबद्दल इतकी चिडचिड आहे की वाचताना कळतं हा माणूस रोज दात-ओठ खात लिहीत होता. पण लिहीत होता. त्याच्याआधी १५७५ मध्ये त्याच्याकडे अथर्ववेदाचं काम दिलं होतं, समजावून सांगायला शेख भावन नावाचा माणूस होता, दख्खनमधून आलेला, आधी ब्राह्मण आणि नंतर मुसलमान झालेला. त्यालाच काही ठिकाणचा अर्थ लागेना आणि काम अडलं. मला हे अडणं महत्त्वाचं वाटतं. जे चाललं तेवढंच आपण सांगतो, जे अडलं ते सांगत नाही, आणि मग सगळं एखाद्या जाहिरातीसारखं गोड दिसायला लागतं, आणि गोड दिसलं की समोरचा म्हणतो खोटं आहे.

बरं, देणंघेणं एकाच बाजूने नव्हतं. ज्या १५८७ साली फैजीने लीलावती फारसीत नेली त्याच १५८७ साली नीलकंठ दैवज्ञाने ताजिकनीलकंठी लिहिली. हा नीलकंठ अकबराच्या दरबारात ज्योतिषी, घराणं विदर्भातून काशीला गेलेलं. ताजिक म्हणजे अरब-इराणी लोकांकडून आलेलं ज्योतिष, ते संस्कृतात नीलकंठाच्या आधीपासून आलेलं होतंच पण याचं पुस्तक सगळ्यांच्या हातात गेलं. आजही आपल्याकडे जोशीबुवांकडे वर्षफल काढायला गेलात तर ते तुम्हाला इत्थशाल योग, इसराफ, मुंथा असे शब्द सांगतील आणि आपल्याला वाटतं काय जुनं संस्कृत आहे! इत्थशाल हा अरबी इत्तिसाल आहे, इसराफ म्हणजे इन्सिराफ, मुंथाही तिकडचीच. संस्कृत श्लोकांत बसवलेली, विभक्ती लावलेली. आणि या नीलकंठाचा धाकटा भाऊ राम, त्याने १६०० साली काशीत मुहूर्तचिंतामणी लिहिला. मुहूर्तचिंतामणी ऐकल्यावर पुरोहित मंडळी मान डोलावतील, कारण लग्नाचे, मुंजीचे, वास्तुशांतीचे मुहूर्त आजही त्याच्या आधाराने काढले जातात. म्हणजे फैजीच्या गोष्टीत लीलावतीचा मुहूर्त चुकतो आणि त्याच दरबारातल्या ज्योतिषाचा भाऊ आपल्या पुढच्या चारशे वर्षांच्या मुहूर्तांचं पुस्तक लिहून ठेवतो. हे मी जुळवून आणलेलं नाही, तारखाच तशा आहेत.

विदर्भातलंच आणखी एक घराणं, दधिग्रामचं, तेही काशीला गेलेलं. त्यातल्या कृष्ण दैवज्ञाने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर उत्तम टीका लिहिली, त्यात नुसती रीत नाही तर रीत का चालते याची सिद्धता आहे, गणितवाल्यांना त्याचं मोल कळेल. त्याला जहांगीरच्या दरबारचा आश्रय होता. आणि पत्रिका कशी मांडायची हे शिकवणाऱ्या दुसऱ्या एका पुस्तकात त्याने उदाहरण म्हणून घेतलीये ती अब्दुर्रहीम खानखानाची पत्रिका. रहीम म्हणजे दोहेवाला रहीम. संस्कृत शिकणारा विद्यार्थी काशीत बसून पत्रिकेचं गणित शिकतोय आणि समोर पत्रिका आहे मोगल सेनापतीची.

घटिकापात्रावरून आठवलं, बाबरसुद्धा आपल्या आत्मचरित्रात या घटकांबद्दल लिहितो. हिंदुस्थानात लोक दिवसरात्रीच्या ६० घटका करतात, शहराशहरांत घड्याळी नेमलेले असतात, पात्र बुडालं की ते तास वाजवतात हे सगळं त्याने नीट बघून लिहिलंय आणि मग त्याला एक अडचण दिसली की रात्री जाग आली आणि नुसते ठोके ऐकले तर कितवा प्रहर चालू आहे ते कळत नाही, म्हणून त्याने हुकूम केला की घटकांचे ठोके झाल्यावर थांबून प्रहराचेही ठोके द्यायचे. वस्तू आपली, दुरुस्ती त्याची. या असल्या लहान गोष्टी मला मोठ्या इमारतींपेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

आणि सगळ्यात जवळची गोष्ट तर पहिलीच्या वर्गात आहे. चार क्रिया सांग म्हटलं की पोरगं काय म्हणतं? बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. बेरीज फारसी. वजा आणि बाकी दोन्ही अरबी. गुणाकार, भागाकार संस्कृत. भास्कराचार्य बेरजेला संकलित म्हणतात आणि वजाबाकीला व्यवकलित, ते शब्द आपण कधीच सोडले. का सोडले याचं माझं उत्तर असं आहे की बेरीज-वजाबाकी हे वसुलीचं गणित, कुळकर्ण्याच्या दप्तरातलं, आणि दप्तर बहामनी-निजामशाही-आदिलशाहीपासून पुढे मोगलाईपर्यंत त्याच भाषेत चाललं, म्हणून हिशेब, रक्कम, जमा, तफावत, गोषवारा हे सगळे शब्द घरात येऊन बसले, आणि गुणाकार-भागाकार जोशाच्या पंचांगातून आले म्हणून संस्कृत राहिले. हा माझा तर्क आहे, भाषेच्या जाणकारांनी चुकत असेन तर जरूर सांगावं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि ते का करावंसं वाटलं हे समजायला पाहिजे, आपला कारभार आपल्या भाषेत असावा हा स्वाभिमान त्यात आहे आणि मला तो पटतो. पण कोश होऊनही आमच्या पाटीवरची बेरीज तिथेच राहिली. तिला कुणी परकी म्हटलं नाही कारण तोवर ती रोज मराठीतच जगत होती.

आता दुसऱ्या पत्रलेखकाचं जे म्हणणं आहे, की हे सगळं ठीक, पण राज्य तलवारीवर उभं होतं, तर ते खरंच आहे आणि ते मी लपवणार नाही. ज्या अकबराने लीलावती भाषांतरित करून घेतली त्याच अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेऊन आमचा खानदेश संपवला, मुलगा दानियल याच्या नावावरून त्याचं नाव दानदेश केलं. १५६४ ला त्याने उठवलेला जिझिया औरंगजेबाने १६७९ ला परत बसवला. १६३० ते ३२ चा दुष्काळ, ज्यात गुजरात आणि दख्खन उजाड झाले, त्या काळात शहाजहानची छावणी दख्खनच्या स्वाऱ्यांसाठी बुऱ्हाणपुरात होती. माणसं मरत होती आणि फौज आपल्याच मुलखाचं धान्य खात होती. आणि शहाजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह, ज्याने काशीच्या पंडितांना बसवून ५० उपनिषदं १६५७ साली फारसीत नेली, त्याला पुढे दोनच वर्षांत सख्ख्या भावाने, औरंगजेबाने, मारवलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा राज्यकर्त्यांना आरती ओवाळा असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण त्याच राज्याच्या पोटात पगारावर, बिदागीवर, कधी सक्तीने, कधी खरोखरच्या ओढीने जी माणसं एका चटईवर बसून एकमेकांची पुस्तकं उलगडत होती त्यांचं काम राज्यकर्त्याच्या पापपुण्यात बुडवून टाकू नका एवढंच म्हणणं आहे. नीलकंठ हा काही अकबराचा भाट नव्हता आणि बदायुनी तर नव्हताच नव्हता.

शेवटचं एक सांगतो, ज्याच्यासाठी खरं तर एवढं लांब लिहिलं. दरवर्षी आमच्या शाळेची सहल दोन ठिकाणी ठरलेली असायची, एक वर्ष पाटणादेवी आणि एक वर्ष कन्नडचा घाट चढून औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथे बीबी का मकबरा. पाटणला मी भास्कराचार्यांवर बोलायचो, मकबऱ्यात इतिहासाचे सर बोलायचे आणि मी चपला सांभाळत आणि डबे मोजत बसायचो, कारण तिथे गणिताचं काय असणार. त्या मकबऱ्याचा वास्तुकार अताउल्ला, ताजमहाल उभारणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. आणि याच अताउल्ला रशिदीने तरुणपणी, १६३४-३५ साली, भास्कराचार्यांचं बीजगणित फारसीत भाषांतरित करून शहाजहानला अर्पण केलं होतं! त्याच फारसीवरून एडवर्ड स्ट्रेचीने १८१३ साली ते इंग्रजीत नेलं. पाटणच्या मठात जे पुस्तक शिकवायचं म्हणून चांगदेवाने दान मिळवलं ते पुस्तक ज्याने फारसीत नेलं तोच माणूस पंचवीस वर्षांनी आमच्या घाटाच्या वर येऊन घुमट बांधून गेला. आणि मी वर्षानुवर्षं दोन्हीकडे पोरं नेली आणि एकदाही त्यांना सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

म्हणून आपल्याला विनंती आहे की यापुढे आपल्या अंकात कुणी लीलावतीची गोष्ट लिहून पाठवली तर ती जरूर छापा, फार सुंदर गोष्ट आहे, फक्त त्याखाली एक ओळ घाला की ही फैजीच्या फारसी प्रस्तावनेतली, १५८७. पाठ्यपुस्तकं करणाऱ्या मंडळींनाही माझं हेच सांगणं आहे. ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला ती आता इंजिनिअरिंगला आहे, तिला मी फोन करून उत्तर सांगितलं, आठ वर्षं उशिरा. ती म्हणाली सर, मग आता ती गोष्ट सांगणार नाही का? मी म्हटलं सांगणार, पूर्ण सांगणार.

या दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन दोन्हीकडे जायचं ठरवलंय, एकाच फेरीत, आधी पाटण आणि मग घाट चढून मकबरा. मकबऱ्याच्या मुख्य दाराला पितळी पत्रा आहे, त्यावर बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, वास्तुकार अताउल्ला आणि त्याच्याबरोबर काम पाहणारा हंसपत राय. नातू यंदा तिसरीत आहे, बेरीज-वजाबाकी येते, गुणाकार चालू आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
ता. चाळीसगाव, जि. जळगाव